देऱ्याहून पत्र: न वटलेला चेक आणि मागच्या तारखेचं बिल

देरा, दुबई

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप ऐकला. ‘तिकडं अजून चेक बाउन्स झाला की आत टाकतात का रे?’ तुझ्या अशिलाचे पैसे इथल्या पार्टीकडे अडकलेत म्हणतोस, म्हणून जरा बैजवार लिहितो.

मी आलो तेव्हा टाकायचे, हे खरं. शेजारच्या गाळ्यातला हार्डवेअरवाला पुढच्या तारखांचे चेक देऊन माल उचलायचा. धंदा बसला आणि एके दिवशी त्याचं शटर उघडलंच नाही. बाहेर आल्यावरही कुणी उधार देईना. आत बसलेला माणूस पैसे फेडणार कसा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

2 जानेवारी 2022 पासून ते बदललं. खात्यात पैसे नाहीत, एवढ्यावर आता फौजदारी होत नाही. चेक वटू नये म्हणून मुद्दाम खातं रिकामं केलं, बंद केलं किंवा सहीच वेडीवाकडी ठोकली, तर मात्र गुन्हा आहेच. उलट वसुली सोपी झाली. न वटलेला चेक हाच कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरतात. दावा लढवत न बसता थेट अंमलबजावणी न्यायाधीशाकडे जायचं. शिवाय खात्यात असेल तेवढं बँकेनं द्यायचंच. चेक 50 हजार दिरहमचा आणि शिल्लक 20, तर 20 हातावर ठेवून बँक चेकवर तशी नोंद करते आणि तोच चेक उरलेल्या 30 साठी परत देते. तेव्हा अशिलाला सांग, मूळ चेक फायलीतून हलवू नको.

गंमत बघ. इथल्या 2021 च्या कायद्यानं इलेक्ट्रॉनिक सहीला हातच्या सहीचा मान दिला, सरकारी ॲपवरून फोनवरच सही करता येते. तरी आमच्या घरमालकाला वर्षाच्या भाड्याचे चार चेक लागतातच. निळ्या शाईत!

खरा दणका सौदीनं दिला. व्हॅट जुलै 2020 मध्ये 5 वरून 15 टक्के झाला होताच. 4 डिसेंबर 2021 पासून हातानं लिहिलेली बिलं बंद, एक्सेलमधली सुद्धा. 2023 पासून टप्प्याटप्प्यानं कंपन्यांची यंत्रणा कर खात्याला जोडताहेत. कंपनीनं कंपनीला दिलेलं बिल आधी खात्याकडून मंजूर होतं, मगच गिऱ्हाइकाच्या हाती पडतं. किरकोळ बिल 24 तासांत कळवायचं. तुझ्या जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा हा थोरला भाऊ समज, कारण सौदीत प्रत्येक बिलात आधीच्या बिलाचा डिजिटल ठसा असतो. माळेतल्या मण्यांसारखं, मधे नवा मणी घुसवता येत नाही.

आमच्या सौदीतल्या दम्मामच्या सेल्समनला हे पटवताना माझा घसा बसला. ‘अण्णा, हे एक बिल मागच्या महिन्यात टाका ना, टार्गेट भरतंय.’ टाकू कुठं? चुकलेलं बिल खोडताही येत नाही, ती रक्कम वजा करणारी क्रेडिट नोटच काढावी लागते. पूर्वी मार्चअखेर आपण दोघांनी काय काय ‘ॲडजस्ट’ केलंय, ते आठवून मी एकटाच हसत बसलो.

चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि बँकेचा शेरा पाठव. इथल्या वकिलाला दाखवतो. वहिनींना नमस्कार सांग. गणपतीला येतोय; खजूर आणू की केशर, ते त्यांनाच विचारून कळव.

तुझा,
बाळ्या