पुडीवर औषधाचे नाव हवेच: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्याला आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. रसौषधी, म्हणजे धातू आणि खनिजांपासून केलेली औषधे, माझ्या रोजच्या वापरात आहेत, म्हणूनच हे लिहिते आहे.

काही महिन्यांपूर्वी कळव्याचे एक गृहस्थ आले. पोटात कळा, बद्धकोष्ठ, चेहरा पांढराफटक. मधुमेहासाठी कुणीतरी दिलेल्या पुड्या ते घेत होते. रक्तातले शिसे तपासून घेतले, ते भलतेच वाढलेले निघाले. पुडीवर औषधाचे नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. तक्रार तरी कुणाविरुद्ध करायची?

नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, प्रमेहावर (मधुमेहासारख्या विकारांवर) ग्रंथांत सांगितलेले आहे. पण त्याच ग्रंथांत शोधन (धातू शुद्ध करणे), मारण (तो जाळून भस्म करणे) आणि नंतरच्या परीक्षाही आहेत. ताम्रभस्म, म्हणजे तांब्याचे भस्म, दह्यात घालून ठेवतात. दही हिरवे पडले तर भस्म कच्चे, रुग्णाला द्यायचे नाही. इतकी काळजी घेणाऱ्या शास्त्राच्या नावावर "याला साइड इफेक्ट नाहीत" असे सांगून पुड्या खपवल्या जातात, याची मला चीड येते. आणि या जुन्या परीक्षांनी भस्म पक्के झाले का ते कळते, रक्तात किती शिसे उतरेल ते कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

१९४० च्या औषध कायद्याखालच्या अनुसूची ई(१) मध्ये पारा, हरताळ (आर्सेनिकचे पिवळे खनिज), बचनाग, बिब्बा ही विषारी द्रव्ये दिली आहेत. ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. मात्र आयुर्वेदिक औषधे विकायला परवाना लागत नाही. शिवाय वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवले तर उत्पादनाचा परवानाही लागत नाही. ही सवलत मलाही आहे. तिच्या आडोशाने कोणीही वैद्य म्हणवून घेतो. निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांत २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची आहे, शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. कळव्यातल्या पुडीकडे मात्र कुणी पाहिलेही नाही.

कायदा केंद्राचा असला तरी अंमलबजावणी आपल्या खात्याची आहे. सुट्या पुडीवरही घटक, तारीख आणि देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक करण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरा. आम्ही वैद्य तो आनंदाने लिहू. ठाणे जिल्ह्यात सुट्या भस्मांचे नमुने घ्या आणि नापास झालेल्यांची नावे मराठीतून जाहीर करा. रक्तात शिसे सापडलेल्या रुग्णाला उरलेली पुडी मोफत तपासून मिळेल, अशी सोय आधी करा.

आपली,
नौपाड्यातील एक वैद्य