७८व्या मिनिटाला

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की रेंज गेली, त्यात आता पडत नाही. फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला. उद्या बुटांच्या पार्सलात घालून गोव्याच्या गाडीनं पाठवतो.

आधी जे आधी बोलायला हवं होतं ते. ६०व्या मिनिटाला तुझ्या नंबरचा बोर्ड वर गेला तेव्हा तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पांनी दोनदा चष्मा पुसला. सतराव्या वर्षी फुटबॉलच्या गोवा प्रोफेशनल लीगमध्ये, थोराड माणसांच्यात, पहिलाच चेंडू तू बाहेरून नेलास, त्यांच्या लेफ्ट बॅकला खांद्यावर घेतलंस आणि मान वर करून कट-बॅक, म्हणजे गोलरेषेजवळून मागं पास, दिलास. मान वर करून! हे मला गोलापेक्षा मोठं वाटलं. गांधी मैदानावर चेंडू पायात आला की तू मातीत नाणं पडल्यासारखा खाली बघायचास. मग ताई शिट्टी वाजवायची आणि तू चिडायचास.

आता कराराचं. क्लबनं कागद पुढं केला तर लगेच सही करू नकोस. तुला अजून १८ पूर्ण नाहीत. फिफाच्या नियमात अठराच्या आतल्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. चौथं वर्ष कुणी लिहिलं असलं तरी ते धरलं जात नाही. करारात तीन गोष्टी शोध. दुखापत झाली तर ऑपरेशन आणि नंतरचा फिजिओ कुणाच्या खर्चानं, त्या काळात पगार चालू राहणार की नाही, आणि क्लबला करार मधेच मोडायचा असला तर कोणत्या कारणानं. पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघ. मॅचनंतर जो माणूस कार्ड देऊन गेला म्हणालास, त्याला सांग की वडिलांशी बोला. पालकाच्या लेखी संमतीशिवाय अल्पवयीन खेळाडूला गाठणं एजंटच्या नियमात बसत नाही, आणि हे त्याला माहीत नसेल असं वाटत नाही.

दुखापतीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. शेवटी लिहायचं ठरवलं होतं.

७८वं मिनिट मी अकरा वेळा मागं घेऊन बघितलं. मधल्या फळीतून लांब पास आला, तू पूर्ण वेगात होतास. उजवा पाय पुढं गेला आणि पाऊल जमिनीला लागायच्या आत तू आखडलास. उजवा हात मांडीच्या मागं गेला, ढुंगणाखाली साधारण वीतभर. तिथं तू दोन बोटांनी दाबलंस. तळव्यानं चोळलं नाहीस. त्यानंतर शिट्टी होईपर्यंत तुझं पाऊल एकदाही पूर्ण लांब पडलं नाही. ८५व्या मिनिटाला थ्रो-इनला तू चालत गेलास. तू! ज्याला थ्रो-इनला पळत जाऊ नकोस, दम ठेव, म्हणून पाचशे वेळा सांगितलंय.

क्रॅम्प होता म्हणालास. गोव्याची हवा दमट आहे, मान्य. पण तू मैदानात येऊन अठराच मिनिटं झाली होती. क्रॅम्प बहुतेक शेवटी शेवटी येतो आणि जास्त करून पोटरीत. गोळा येतो, तो हाताला दगडासारखा लागतो. माणूस खाली बसतो, कुणीतरी पाय ताणून देतं, गोळा सुटतो आणि गडी परत पळायला लागतो. स्नायू फाटतो तेव्हा एका ठिकाणी टोचल्यासारखं किंवा ताडकन चाबूक बसल्यासारखं होतं, आणि तेही नेमकं पूर्ण वेगात. मांडीच्या मागं तीन स्नायू आहेत, त्यांनाच हॅमस्ट्रिंग म्हणतात. पळताना बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा जातो, तुमचे फिजिओ त्याला बायसेप्स फिमोरिस म्हणतील. पुढं फेकलेल्या पायाला ब्रेक लावायचं काम त्याचं. म्हणजे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला जोर लावायचा असतो. पाऊल टेकायच्या जरा आधीचा क्षण त्याला सगळ्यात जड जातो. तू नेमका तिथंच आखडलास.

हे वाचताना तू तोंड वाकडं करणार, माहीत आहे. तरी हे हातात पडेल त्या रात्री एवढं कर. पालथा झोप, गुडघा थोडा वाकव. खोलीतल्या मित्राला टाचेवर हात दाबून धरायला सांग आणि तू टाच ढुंगणाकडं ओढ. आधी डावी, मग उजवी. मग उताणा होऊन गुडघा सरळ ठेवून एकेक पाय वर उचल, किती वर जातोय बघ. दोन्ही सारखे असतील, कुठं टोचत नसेल, तर मी मूर्ख, माझी माफी. उजव्यात जोर कमी पडला किंवा त्या दोन बोटांच्या जागी दुखलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनिंगच्या आधी फिजिओसमोर उभा राहा. लागलं तर ते एमआरआय सांगतील.

तोवर पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, बाम नाही, आणि ‘ताणून मोकळं करतो’ हा तर पेठेतला सगळ्यात जुना घोटाळा आहे. फाटलेला धागा ताणला की आणखी फाटतो. आणि डायक्लोफेनॅक, ती दुखण्याची गोळी, खाऊन ट्रेनिंगला जायचं नाही. त्या गोळीनं दुखणं झाकतं, धागे सांधत नाहीत. दुखणं हीच तुझ्याकडची एकमेव वॉर्निंगची लाइट, तीच तू काढून ठेवणार. इंजेक्शन देऊ का असं कुणी विचारलं तर आधी नाव लिहून घे. स्टेरॉइडचं इंजेक्शन मॅचच्या काळात २०२२ पासून डोपिंगच्या यादीत आहे. सर्दीची गोळीसुद्धा टीम डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि लघवीत ते ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

मी भाषण देतोय. तुझी आई आत झोपलीय, नाहीतर पेन काढून घेतलं असतं. माफ कर.

एक मात्र विचारतोच. जूनमध्ये नॉर्डिकचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या व्यायामाचा तक्ता दिला होता, तो भिंतीवर आहे की बॅगेच्या तळाशी? गुडघ्यावर बसायचं, मित्रानं घोटे धरायचे, कंबर न मोडता जेवढं सावकाश जमेल तेवढं पुढं पडायचं आणि शेवटी हातावर झेलायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाचे. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीनदा. पाचव्या आठवड्यापासून बारा, दहा, आठ असे तीन सेट. सगळी पोरं हे दुसऱ्याच आठवड्यात सोडतात, कारण पाय असा भरून येतो की संडासला बसवत नाही. ते भरून येणं आकडा सावकाश वाढवला की जातं. पहिल्याच दिवशी तिसापर्यंत गेलं की मग सोडून देण्याशिवाय इलाज राहत नाही. तू पहिल्याच दिवशी तीस मारले असणार. पण आता नको हं. आता फिजिओ हो म्हणेपर्यंत एकही नको.

बुटांचंही तेच. आठवड्यात तीन दिवस टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, आणि मॅच ओल्या गवतावर, पायात मात्र एकच जोडी. बुटाच्या तळाचे लांब स्टड टर्फमध्ये रुततात, पाऊल अडकतं आणि वरचं अंग फिरतं. टर्फसाठी आखूड आणि जास्त स्टडवाले एजी पाठवतोय. ४२ नंबरचे आहेत, आत्याच्या पैशातून घेतलेत, तिला फोन कर. मॅचच्या आदल्या दिवशी घालून बघायचे नाहीत. आधी दोन-तीन हलक्या सेशनला घाल.

तू तेरा वर्षांचा होतास तेव्हा आठवतंय? वर्षात वाढलेली उंची ताई दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं मारायची. गुडघ्याखाली टेंगूळ आलं होतं आणि तू कुणाला सांगितलं नव्हतंस, कारण शाहू स्टेडियमवर शाळेची मॅच होती. सॉक्स गुडघ्यापर्यंत ओढून हिंडायचास. मला कळलं ते जिन्यामुळं. रोज तीन पायऱ्या एकदम उडी मारणारं पोरगं एके दिवशी कठड्याला धरून आडवं आडवं उतरायला लागलं. सहा आठवडे बसवलं तुला. रडलास, जेवला नाहीस, आप्पांच्या खोलीत जाऊन झोपलास. सातव्या आठवड्यात मैदानात गेलास आणि घरी येऊन म्हणालास, ‘पप्पा, आता उडी मारताना भीती वाटत नाही.’ तोवर भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पेठेत अनिकेत जाधवशिवाय कुणी दुसरं बोलत नव्हतं असं तुला नेहमी वाटतं, पण ते त्याच्या आधीचं. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तेव्हा तू लहान होतास. दिल्लीत अमेरिकेनं भारताला ३-० नं हरवलं, आणि तू स्कोअर विसरून ‘कोल्हापूरचा, कोल्हापूरचा’ करत गल्लीभर पळालास. तुझ्या डोक्यात काय आहे ते मला तेव्हापासून माहीत आहे. म्हणूनच लिहितोय.

इंग्लंडच्या मायकेल ओवेनचा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल तू मोबाईलवर शंभरदा बघितलायस. १९९८, वय १८. पुढच्या एप्रिलमध्ये लीड्सविरुद्ध पळताना त्याचं हॅमस्ट्रिंग गेलं. वय १९. त्यानंतर मी तसा धावलोच नाही, असं तो स्वतः सांगतो. तू म्हणणार, २००१ ला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर मिळालाच की. मिळाला. माझ्याकडं त्याला उत्तर नाही. पण ते दोन्ही एकाच माणसाचं आहे.

गुरुवारी मॅच आहे आणि कोच विचारणार, फिट आहेस का. तू हो म्हणणार, कारण बाकावर तुझ्या जागेवर डोळा ठेवून दोघं बसलेत. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तीन आठवडे बसलास तर जागा जाऊ शकते. पण हे स्नायू परत फाटतात तेव्हा साधारण तीनातले दोन पहिल्या दोन महिन्यांत फाटतात, आणि त्यातले बरेचसे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून लवकर उतरलेले असतात. चालताना दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नसतं. आधी दुखल्याशिवाय सावकाश पळणं, मग अर्ध्यापेक्षा थोडा जास्त वेग, मग पूर्ण वेग आणि त्यात थांबणं-वळणं, मग टीमबरोबर पूर्ण ट्रेनिंग. तेव्हा मॅच. पूर्ण वेगात पाय टाकताना मनात जरासुद्धा कचरलास तर एक पायरी मागं. तुझा सगळा खेळ त्या पहिल्या पाच यार्डांवर आहे, दादू. ते गेले तर मान वर करून काय बघणार?

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

पैसे लागले तर सांग. मॅचच्या तीन-चार तास आधी भात खा, रस्सा-बिस्सा नको, तो इकडं आल्यावर. ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर वजन कर. किलोभर उतरलं असलं तर हळूहळू दीड लिटरपर्यंत पाणी, एकदम नाही.

तुझा,
पप्पा

ता. क. आईला मी क्रॅम्पच सांगितलंय. तिनं विचारलं तर तूही तेच सांग. मला मात्र पालथं झोपून बघितल्यावर नुसतं ‘सारखे’ किंवा ‘उजवा’ एवढंच पाठव. मी जागा असेन.