बाबांचा पाइप आणि गॅलरीतली नवी खुर्ची

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहिते आहे.

हॉलमधली फोमची आरामखुर्ची शनिवारी जाणार. तिच्याऐवजी गॅलरीत सागवानी खुर्ची येते आहे, उंच पाठीची, रुंद हातांची. बाबांच्या कमरेला पाठ टेकते की नाही हे मी स्वतः बसून पाहिलंय. पैसेही भरलेत, तेव्हा आता नको म्हणू नका. पाइप सोडा असं मी म्हणत नाहीये. ते डॉक्टरांनी सांगून झालंय आणि बाबांनी ऐकून झालंय. मला फक्त ओढायची जागा बदलायची आहे.

गणपतीत इस्त्रीचे कपडे काढताना बाबांच्या सदऱ्यांना पोटाजवळ बारीक, काळ्या कडांची भोकं दिसली. आई, काही तू गुपचूप रफू केली होतीस. खुर्चीतली उशी उचलली तर तिच्यावरही तेच डाग. आणि बाबा, त्या नव्या गोळीने तुमचे डोळे साडेनवालाच मिटायला लागतात, हातात पाइप असतानाच. तेव्हापासून रात्री मला धड झोप नाही.

पाइपचा निखारा सिगारेटसारखा डोळ्यांसमोर नसतो, राखेखाली लपलेला असतो. तंबाखू दाबताना ठिणगी उडाली तर कळतही नाही. विझला म्हणून तुम्ही पाइप खिशात टाकता, तेव्हा तळाचा तंबाखू आतून धगधगत असू शकतो. ठिणगी गादीत शिरली की ज्वाळा न दिसता तासन्‌तास धुमसत राहते. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही. त्याने झोपलेला माणूस जागा होईलच असं नाही, उलट गुंगी चढते.

कापसाच्या आगीबद्दल तर आजोबांकडून तुम्हीच जास्त ऐकलंय. १४ एप्रिल १९४४ला गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीवर कापसाच्या गाठी दुपारपासून जळत होत्या, त्याच बोटीत दारूगोळा होता आणि चारनंतर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजोबा मशीद बंदरच्या पेढीतून चालत गिरगावात आले, ती गोष्ट मला तुम्हीच झोपताना सांगायचात. मी घाबरले की "आपल्या घरी काही होणार नाही" म्हणून पाठीवर थोपटायचात. तुमच्या कुशीतला तो तंबाखूचा वास मला अजून आवडतो, बाबा. तो बंद व्हावा असं मला कधीच वाटलं नाही.

शनिवारी सुतारासोबत इलेक्ट्रिशियनही येईल. धुराचे दोन अलार्म बसवायचे आहेत, एक हॉलच्या छताला, एक बेडरूमच्या दाराबाहेर. फोटोइलेक्ट्रिक घेतलेत, धुमसणारी आग त्यांना लवकर कळते. स्वयंपाकघरात मुद्दाम नाही लावत, नाहीतर आईच्या फोडणीला रोज बोंब मारतील. बाबा रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात, तेव्हा आई, ते तुला ऐकू यायला हवेत. दर महिन्याच्या एक तारखेला बटण दाबून आवाज तपासायचा. छताला रंग काढाल तेव्हा त्यांच्यावर रंग मारू देऊ नका.

आता नियम. पलंगावर पाइप नाही. गोळी घेतल्यावर तर कुठेच नाही. शेवटचा पाइप जेवणाआधी. गॅलरीत वारा असतो, म्हणून पाइपवर बसणारं भोकांचं धातूचं टोपण पाठवते आहे, ते लावायचं. राख कठड्यावर झटकायची नाही, खालच्यांनी पावसाळ्याची ताडपत्री अजून उतरवलेली नाही. जुन्या डालडाच्या डब्यात वाळू भरून ठेवा, राख आणि उरलेला तंबाखू त्यात, वर पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मगच कचऱ्यात. पाइप गार होईपर्यंत स्टँडवर राहील, खिशात नाही. गॅलरीत वर्तमानपत्रांची रद्दी साठवू नका. खिडकीच्या बॉक्स ग्रिलच्या कुलपाची किल्ली तिथेच भिंतीवर टांगा, देवघरातल्या खणात नको.

आणि कधी धूर दिसलाच तर दार ओढून घेऊन दोघांनी जिन्याने खाली. लिफ्ट नाही, बँकेची फाइल नाही, चष्मा राहिला तरी राहू दे. धूर वर चढतो, म्हणून वाकून चालायचं. खाली गेल्यावर १०१.

बाबा, रागावला असाल. गॅलरीतून रस्त्यावरचं सगळं दिसतं, संध्याकाळी वारा येतो, आणि रेडिओसाठी तिथे प्लग पॉइंट काढून द्यायला मी सांगितलंय. थंडीत शाल घ्या, सुतीच. ती नायलॉनची नको. आई, तुझंही एक छोटं स्टूल तिथे ठेवायला सांगते. चहा तिथेच घेत जा दोघं.

शनिवारी अकराला माणसं येतील. त्यांना चहा द्या, पण शिडी बाबांनी धरायची नाही. काम झालं की मला फोन करा, अलार्मचा आवाज ऐकवा.

तुमची,
बेबी