गॅलरीतल्या दिव्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागलो की आपण "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता, असा आजवरचा अनुभव आहे, म्हणून आपले नाव न घालता हे उघड पत्र लिहीत आहे.

2023 च्या पावसाळ्यात, कामावरून सहकारनगरला परतल्यावर, मी स्कूटर स्टँडवर लावून तिच्यावरच तासन्‌तास बसून राहत असे, कारण दोन जिने चढून घरात शिरण्याचे बळ अंगात नसे. घरच्यांना मी दुःखी नव्हे, तर चिडका वाटत होतो. मुलाच्या हातून पाणी सांडले तरी मी अंगावर धावून जायचो. पहाटे तीनला जाग यायची, पाठ दुखायची. त्या पाठीचा एक्स-रेसुद्धा काढून झाला होता. नैराश्य म्हणजे रडणे, अशी समजूत असल्याने मला तेच झाले असेल, असे मनातही आले नाही.

एके रात्री आपण पायजम्यावरच खाली आलात, शेजारच्या सायकलला टेकलात आणि "काय झाले?" असे न विचारता "झोप लागते का?" असे विचारलेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, दुसऱ्याचे होते. मग चाळिशीत आपण स्वतः दीड वर्ष गोळ्या घेतल्याचे, रक्तदाबाविषयी बोलावे तशा आवाजात सांगितलेत. गणपतीच्या मांडवात सर्वांत उंच बांबूवर चढणाऱ्या माणसाकडून ते ऐकले नसते, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलोच नसतो. (देशात आत्महत्या करणाऱ्या दर 10 जणांमागे सुमारे 7 पुरुष असतात, हे मला पुष्कळ नंतर कळले.)

दवाखान्याबाहेर आपण वर्तमानपत्र घेऊन बसलात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण दहाव्या दिवशी, नुसतीच मळमळ होत असताना, ते मला आठवत नव्हते. आपण आठवण करून दिलीत. स्कूटरच्या डिकीच्या झाकणाला आतून कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सरकारी फोन-सेवेचा क्रमांक लिहिलात, "रात्री मी झोपलेला असलो तर" असे म्हणत. तो मी दोनदा लावला आहे, हे आपल्याला आज प्रथमच सांगत आहे.

बरे वाटू लागताच चौथ्या महिन्यात मी कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा त्याच स्कूटरवर येऊन बसलो. आपण रागावला नाहीत. बरे वाटल्यानंतरही बहुधा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायचे असते, एवढेच सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याबरोबर आलात. त्या उपदेशशून्य रिक्षाप्रवासाचे ऋण मला सर्वांत मोठे वाटते.

गोळी अद्याप चालू आहे, मात्रा निम्मी झाली आहे. काही सकाळी अजूनही जड जातात. तळजाई टेकडीवर फिरायला जाणे मात्र सहसा चुकत नाही.

मी जिना चढेपर्यंत आपण गॅलरीतला दिवा चालू ठेवून आजही जागता, असे काकूंनी परवा सांगितले. काका, आता मी स्कूटर लावली की थेट वर जातो. कृपया तो दिवा मालवून वेळेवर झोपत जावे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी