विज्ञान प्रदर्शनात चुंबकांची जाळी मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत भरणारी प्रदर्शने मी आवर्जून पाहते. ज्वालामुखी, पवनचक्की आणि इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी यांच्या पलीकडे आपण फारसे जात नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते. मुले याहून कितीतरी अवघड गोष्ट पेलू शकतात, हे मी रोज बघते. म्हणून एक विषय सुचवते.

पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातील पीटर शिफर यांच्या गटाने २००६ मध्ये निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या सूक्ष्म पट्ट्यांची चौकोनी जाळी तयार केली. पट्टी २२० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लांब, ८० रुंद, २५ जाड. इतकी लहान पट्टी आख्खी एकच चुंबक असते. तिचा उत्तर ध्रुव या टोकाला किंवा त्या टोकाला, एवढाच प्रश्न. चार पट्ट्यांची टोके जिथे भेटतात तिथे १६ रचना संभवतात आणि सगळ्यांचे समाधान करणारी त्यात एकही नाही! कसेही मांडा, ध्रुवांच्या सहा जोड्यांपैकी निदान दोन सजातीय राहतातच. त्यातल्या त्यात बऱ्या रचना सहा : दोन पट्ट्यांचे उत्तर ध्रुव सांध्याकडे, म्हणजे ‘आत’, आणि दोघींचे सांध्यापासून दूर, म्हणजे ‘बाहेर’. बर्फातल्या हायड्रोजन अणूंचा नियमही असाच असतो, म्हणून या जाळीला ‘कृत्रिम स्पिन आइस’ म्हणतात (आइस म्हणजे बर्फ, स्पिन म्हणजे इथे चुंबकाची दिशा). गंमत अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली इथे एकेका पट्टीची दिशा वाचता येते. स्फटिकातल्या अणूंच्या बाबतीत ही चैन नाही.

आता एक पट्टी उलटली, तर तिच्या दोन्ही टोकांचा हिशेब बिघडतो : एकीकडे तीन आत, एक बाहेर, दुसरीकडे नेमके उलट. शेजारच्या पट्ट्या ओळीने उलटत गेल्या की ही दोन बिघाडस्थाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि सुट्या चुंबकीय ध्रुवांसारखी वागतात. चुंबक तोडला तरी ध्रुव सुटा होत नाही, असे आपण वर्गात घोकून घेतो, ते खोटे ठरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये मांडलेला एकध्रुवी मूलकण अजून सापडलेला नाही. त्यामुळे या विषयावर लिहिताना ‘एकटा ध्रुव सापडला’ असा मथळा कृपया देऊ नये.

नॅनो पट्ट्या कोरण्याची यंत्रणा पवईच्या आयआयटीत असली, तरी बारावीच्या वर्गाला ती कशी मिळणार? पण २०१२ मध्ये पाउला मेयादो, आंद्रेस कोंचा आणि एल. महादेवन या संशोधकांनी हाच पेच डोळ्यांना दिसतील अशा, टेकूवर फिरणाऱ्या चुंबकीय कांड्यांच्या षटकोनी जाळीत दाखवला. हे आपल्याला जमण्यासारखे आहे. लाकडी फळी, टाचण्या, छोटे दंडचुंबक किंवा चुंबकसूच्या पुरतील. मुलांनी बाहेरून चुंबक फिरवून जाळी विस्कटावी आणि प्रत्येक वेळी किती सांध्यांवर कोणती रचना आली, याची मोजणी करावी. चौकोनी जाळीत काटकोनातल्या चुंबकांची टोके समोरासमोरच्या टोकांपेक्षा जवळ असतात, म्हणून त्या सहा रचनाही सारख्या ऊर्जेच्या नसतात. हे फूटपट्टी घेऊन मुलांनाच शोधू द्यावे.

आपल्या विज्ञान पानावर या जाळीची आकृती आणि कृती छापावी, तीही फेब्रुवारीच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू होताच मुलांना कामाला लावता येईल.

– एक भौतिकशास्त्र शिक्षिका, मुलुंड (पूर्व)