मुक्कामाच्या डोंगरवाटा छापताना पाणी आणि उतारवाटाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्याच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत डोंगरभटकंतीवरील लेख येऊ लागले आहेत, ही आनंदाची बाब आहे. मात्र एका रात्रीच्या मुक्कामाची वाट सुचवताना या लेखांत बहुधा एकूण अंतर, गडाची उंची, कोल्हापुरातून जाण्याची सोय आणि सूर्यास्ताचे एखादे छायाचित्र एवढ्यावर काम भागवले जाते. पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन, कोणत्याही आयोजकाशिवाय डोंगरधारेवरून चालणाऱ्या चार-सहा जणांच्या गटाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाणी कोठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत मिळते, तसेच मध्येच अडचण उद्भवली तर कोणत्या बाजूने उतरून गाडीरस्ता गाठता येतो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांना आधी हवी असतात. नेमकी तीच छापली जात नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

उदाहरणासाठी आपल्या जिल्ह्यातील सर्वांत परिचित वाटच घेतो. १२ आणि १३ जुलै १६६० च्या घटनांच्या स्मरणार्थ दर पावसाळ्यात हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे आणि पांढरेपाणी ही नावे त्यामुळे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. तथापि त्या मोहिमांत वाट शोधावी लागत नाही, कारण पुढे माणसांची रांग असते; जेवणाची आणि मुक्कामाची व्यवस्था आयोजकांनी वाटेवरच्या वाडीत केलेली असते; पाण्याची तर चहूकडे रेलचेल असते. जुलैत एकदा ही वाट चाललेल्या तरुणाला ती आपल्याला माहीत आहे असे वाटू लागते आणि जानेवारीत दोघा मित्रांसह तो निघतो, तेव्हा वाट तीच असली तरी तिच्यावरची परिस्थिती संपूर्ण बदललेली असते. संघटित मोहिमेत सामील होणे आणि स्वतः नियोजन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे जरी अशा लेखांतून स्पष्ट झाले तरी पुष्कळ होईल.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. ही वाट ढोबळमानाने ५० किलोमीटरची आहे, म्हणजे दोन दिवसांत रोज २५ किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरला जातो: ताशी पाच किलोमीटर चाल धरावी आणि दर सहाशे मीटर चढासाठी एक तास वाढवावा. हा आडाखा सुदृढ माणसाचा आहे. दहा-बारा किलोंचे ओझे, चढउतार आणि सर्वांत हळू चालणारा सोबती लक्षात घेतला तर ताशी तीन किलोमीटर धरणेच शहाणपणाचे ठरते. २५ किलोमीटरला मग आठ तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्यात जेवण, विश्रांती, चुकलेली वळणे हे काहीच आलेले नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कोल्हापुरातून आरामात न्याहारी करून दहा वाजता पन्हाळा सोडणारा गट मुक्कामाच्या ठिकाणी अंधारातच पोहोचणार, हे घरी कागदावर मांडले तरी कळते. एक तर पन्हाळ्यावर आदल्या रात्रीच जाऊन राहावे, नाही तर या वाटेचा अर्धाच भाग निवडावा. अर्धीच वाट चालण्यात कमीपणा कसला?

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. भूगोलाचा शिक्षक म्हणून आयुष्य गेल्याने हा मोह आवरत नाही. मसाई पठारासारखे आपल्याकडील सडे जांभ्या खडकाचे आहेत. जांभा म्हणजे दगडाची चाळणीच. पावसाळ्यात त्याच्या वरच्या खोलगट भागांत डबकी आणि तळी भरतात, परंतु पाऊस सरला की काही आठवड्यांत त्यातील बहुतेक आटतात आणि उरतात त्यांत गुरे उतरलेली असतात. खडकात मुरलेले पाणी मात्र नाहीसे होत नाही. जांभ्याच्या थराखाली चिकणमातीसारखा थर असतो, तेथे ते अडते आणि पठाराच्या कडेखाली, जेथे हे दोन थर उघडे पडतात, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. धनगरवाडे आणि छोट्या वाड्या सड्याच्या मध्यावर न वसता बहुधा कडेच्या खाली, झाडीच्या आडोशाला का वसल्या, याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून कोरड्या दिवसांत सपाट पठारावर पाणी शोधत भटकू नये. जवळच्या वाडीकडे उतरणारी ढोरवाट धरावी. नकाशावर निळा ठिपका दिसला म्हणजे फेब्रुवारीत तेथे पाणी असेलच असे नाही. त्या वाडीतील माणसालाच विचारावे, आणि ते निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारता आले तर अधिक बरे.

माणशी दिवसाला पिण्यासाठी तीन-चार लिटर आणि स्वयंपाकासाठी आणखी एखादा लिटर लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, हे सॅक भरताना विसरले जाते. पाण्याची खात्रीची ठिकाणे ठाऊक असली तर दोन लिटर घेऊन निघता येते, ठाऊक नसतील तर पाच लिटर वाहावे लागते, आणि मग त्या ओझ्याने चालण्याचा वेगही घटतो. झऱ्याचे पाणीसुद्धा उकळूनच प्यावे. क्लोरीनची गोळी वापरायची असेल तर ती टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे.

मुक्कामाची जागा पाण्याला अगदी लागून नसावी. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांत गव्यांचा वावर आहे आणि ते संध्याकाळी व पहाटे पाण्यावर येतात. धारेच्या उघड्या टोकावर तंबू लावण्याचीही अलीकडे फार हौस आहे, कारण तेथून छायाचित्र छान येते. रात्री वारा सुटला की त्या हौसेची किंमत कळते. माझ्या मते या पट्ट्यात पहिल्यांदाच मुक्काम करणाऱ्या गटाने वाडीजवळच, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना विचारून, देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात राहावे. जेवण गावातून घेतले तर त्याचे योग्य पैसे द्यावेत आणि आदल्या दिवशी कळवावे. ऐन वेळी रात्री आठ वाजता सहा जणांची भाकरी मागणे हा पाहुणचाराचा गैरफायदा आहे. झोपताना तंबूची चेन पूर्ण लावावी आणि बूट आत घ्यावेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. फुरसे तर सड्यावरील दगडांखालीच राहते. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे हे काहीही न करता रुग्णाला कमीत कमी हलवत रुग्णालयात न्यावे लागते. म्हणूनच उतारवाट ठाऊक असण्याला इतके महत्त्व आहे.

या धारेची रचना त्या दृष्टीने सोयीची आहे. उत्तरेला बांबवडे आणि मलकापूरवरून जाणारा कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आहे, दक्षिणेला कासारीचे खोरे आणि बाजारभोगावचा रस्ता आहे. वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला किंवा उशीर झाला तर यांपैकी कोणत्या बाजूला उतरायचे, हे वाटेच्या प्रत्येक टप्प्यासाठी आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. पन्हाळा आणि मलकापूर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत आणि पुढील उपचारांसाठी कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सर्वांना माहीत असतो, परंतु खोऱ्यात उतरल्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही, आणि रुग्णवाहिका गाडीरस्त्यापर्यंतच येऊ शकते. नियोजनाचा हा कागद घरी एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवून, अमुक वेळेपर्यंत संपर्क झाला नाही तर काय करावे, तेही सांगून निघावे. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेणे ठीकच. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाची छापील प्रत आणि होकायंत्र जवळ असावे. मसाई पठारावर धुके उतरले की सगळ्या दिशा सारख्याच भासतात.

हवामानाबाबत दोनच मुद्दे. भारतीय हवामान विभाग कोल्हापूरच्या घाट परिसरासाठी जिल्ह्यापासून वेगळा इशारा देतो. शहरात ऊन आहे म्हणून घाटमाथ्यावरही असेल असे धरू नये. पावसाळ्यात त्याच्या जोडीला राजाराम बंधाऱ्याची पातळीही पाहावी, कारण पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागली की बंधारे पाण्याखाली जातात, महापुरात केर्लीजवळ रत्नागिरी रस्ताही बंद पडतो आणि डोंगरातून सुखरूप उतरलेला माणूसही घरी पोहोचत नाही. दुसरा मुद्दा वळवाचा. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत दुपारनंतर विजा होतात आणि उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप त्यासाठी उपयुक्त आहे. गडगडाट ऐकू आला की मात्र अॅप उघडत बसू नये, एकट्या झाडाखाली न थांबता धारेवरून खाली उतरावे.

मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथे आणि वाटेतील इतर वनक्षेत्रात मुक्काम करण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करणे आवश्यक आहे. शेकोटीचा आग्रह तर सोडूनच द्यावा. डिसेंबरनंतर सड्यावरचे गवत वाळलेले असते, एका ठिणगीने वणवा लागतो, आणि त्यात कोणाची तरी गुरांची वैरण जळते. पन्हाळ्याचा समावेश २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाल्यापासून या परिसराकडे अधिक लोकांचे लक्ष वळले आहे. पैसे घेऊन मोहिमा नेणाऱ्यांसाठी राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आहे आणि त्यानुसार आयोजकांना नोंदणी बंधनकारक आहे. पालकांनी मुलांना पाठवण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा. स्वतःच निघणाऱ्या गटांना मात्र कोणीच काही विचारत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचते ते वृत्तपत्रच.

म्हणून विनंती अशी, की मुक्कामाची कोणतीही डोंगरवाट छापताना आपण लेखाशेजारी एक छोटी चौकट द्यावी. त्यात पाण्याची ठिकाणे आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात, दोन्ही बाजूंच्या उतारवाटा, उतरल्यावर मिळणारी शेवटची एसटी आणि जवळचे रुग्णालय एवढे असले तरी चालेल. पाण्याची माहिती दर वर्षी बदलते, तेव्हा ती लेखकाच्या जुन्या टिपणांवरून न घेता त्या त्या वाडीतून ताजी घ्यावी आणि ती कोणत्या तारखेची आहे, हेही छापावे. एखाद्या लेखकाला ही माहिती देता आली नाही, तर ती वाट एका दिवसाची सहल म्हणूनच सुचवावी.

कळावे,

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
कोल्हापूर