शिष्यवृत्ती विभागातील आमच्या नानांना

आदरणीय नाना,

सविनय जय भीम.

बी. फार्मसीचे पदवी प्रमाणपत्र हाती आले आहे आणि फार्मसिस्ट म्हणून माझी नोंदणीही झाली आहे. आपल्याला फोनवर आभार मानू लागले की आपण "माझं कामच आहे ते" म्हणून विषय मिटवता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी ज्या महाविद्यालयात आम्ही प्रवेशासाठी गेलो होतो, तेथे शिष्यवृत्तीचे नाव काढताच समोरच्यांचा सूर बदलला. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये असे शासनाचे आदेश असतानाही, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ, असे आम्हाला ऐकवण्यात आले. माझे वडील सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या ठरावीक मोबदल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलेल्या सालातील बरीचशी रक्कम त्यांनी उचल म्हणून आधीच घेतलेली होती. फीचे पैसे ते कोठून आणणार होते? मूळ कागदपत्रे परत मिळवताना जे अपमानास्पद बोलणे ऐकावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांनीच ती मागताना ओशाळे व्हावे, हे मला कधीही मान्य होणार नाही.

आपल्या टेबलावर हमीपत्रावर पालकांची सही हवी होती. तोपर्यंतच्या प्रत्येक कार्यालयात वडिलांची टोपी आणि भेगाळलेले हात पाहून, काही न विचारता शाईचे पॅड त्यांच्यापुढे सरकवले जात असे. त्यांना सही येते. प्रौढ साक्षरता वर्गात ते ती शिकले आहेत. परंतु कोणी विचारले नाही आणि तेही कधी बोलले नाहीत. आपण मात्र खुर्ची पुढे केलीत, स्वतःच्या खिशातील पेन उघडून त्यांच्या हातात दिलात आणि "बठा भाऊ, घाई नही" म्हणून, मागे रांग असतानाही, त्यांचे आडनावासकट पूर्ण नाव लिहून होईपर्यंत थांबलात. अक्षर वाकडे आले म्हणून त्यांनी दुसरा कागद मागितला, तेव्हा "झकास आहे" असे म्हणून आपण तोच कागद फाईलला लावलात. पुढे अडकलेले हप्ते सोडवण्यासाठी आपण पुष्कळ धडपड केलीत, त्याचेही ऋण मोठे आहे. पण त्या दिवशी घरी गेल्यावर बाबांनी आईला पहिल्यांदा सांगितले ते सहीचे. आई शिष्यवृत्तीचे विचारत होती आणि बाबा पेनाचे सांगत होते.

बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आमचे सगळे घर तेथे जाते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना ती मिळते आणि तिचा साठ टक्के भार केंद्र, तर चाळीस टक्के राज्य उचलते. इतक्या वर्षांची ही तरतूद, तरी माझ्या वर्गातील हुशार मुली एका त्रुटीच्या शेऱ्यामुळे शिक्षण सोडून कापूस वेचायला गेलेल्या मी पाहिल्या आहेत. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून असतो, कोणी तो उघडून पाहत नाही, मुदत निघून जाते. आपण प्रत्येक अर्ज उघडत होता आणि चूक दिसली की त्या मुलाला स्वतः फोन करत होता. अशा माणसांमुळेच गरीब घरांचा सरकारवर विश्वास टिकतो. या माणसांना पुरस्कार मिळत नाहीत, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ तेवढे मिळते, आणि त्यांनी शिकवून मोठी केलेली मुले कोठेच मोजली जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

यंदा महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज सुरू झाले की गावातील मुलांचे अर्ज मी समाजमंदिरात बसून भरून देणार आहे. कोठे अडले तर आपल्यालाच विचारीन, तेवढा हक्क असू द्यावा. बाबांचा निरोप आहे की येत्या आखाजीला आपण काकूंना घेऊन घरी यावे. आई मांडे करणार आहे, आमरस आहेच.

आपली विद्यार्थिनी,
तालुका धुळे